आभासी टर्मिनल : स्क्रिप्ट कीबोर्डपुढे बसते तेव्हा

आज्ञा टंकून चालवायच्या प्रोग्रॅमना आपल्यासमोर कोण आहे हे ऑपरेटिंग सिस्टीमला विचारता येते. समोर टर्मिनल असेल तर पलीकडे माणूस आहे असे ते धरून चालतात. मग रंगीत अक्षरे दिसतात, ‘पुढे जायचे का?’ अशी विचारणा होते, पासवर्ड मागितला जातो. समोर नुसता पाइप असेल, म्हणजे दुसरा प्रोग्रॅम असेल, तर तोच प्रोग्रॅम बिनरंगी मजकूर देतो आणि तोही रोखून धरतो. टर्मिनलवर ओळ पूर्ण होताच ती दिसते. पाइपमध्ये मात्र बरेचदा काही हजार बाइट साठल्यावरच मजकूर बाहेर पडतो. त्यामुळे स्क्रिप्ट प्रश्नाची वाट पाहत राहते, प्रोग्रॅम उत्तराची, आणि काम तिथेच अडते. यावरचा उपाय म्हणजे आभासी टर्मिनल : यंत्र नाही, पण प्रोग्रॅमला ते खरेच वाटते.

खरे टर्मिनल हे एकेकाळी वजनदार यंत्र होते. १९६३मध्ये आलेले टेलिटाइप मॉडेल ३३ सेकंदाला १० अक्षरे कागदावर छापत असे. १९७८च्या व्हीटी१०० या पडद्याच्या टर्मिनलवर ८० रकाने आणि २४ ओळी मावत. पुढे माणसे नेटवर्कवरून दूरच्या संगणकात शिरू लागली. त्यांच्यासाठी त्या संगणकाला कोणतेच यंत्र जोडलेले नसे, म्हणून टर्मिनलचे सोंग कर्नलनेच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यानेच, घेतले. १९८३च्या ४.२ बीएसडी युनिक्समध्ये ही सोय होती. आपल्याकडे विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा विद्यार्थ्यांना परवडणारे शेल खाते याच जातीचे होते. मोडेमने फोन लावायचा आणि घरच्या संगणकाने निगमाच्या संगणकाचे केवळ अक्षरे दाखवणारे टर्मिनल व्हायचे.

आभासी टर्मिनलला दोन टोके असतात. दुय्यम टोक चालवायच्या प्रोग्रॅमच्या हाती जाते. त्याला ते टर्मिनल वाटते. मुख्य टोक स्क्रिप्टच्या हाती राहते. स्क्रिप्टने तिथे लिहिलेले प्रोग्रॅमला टंकल्यासारखे पोहोचते आणि प्रोग्रॅमने छापलेले स्क्रिप्टला वाचता येते. मधल्या टप्प्यात कर्नलचा नियमसंच बसलेला असतो. तो टंकलेले अक्षर परत पाठवतो, म्हणून स्क्रिप्टला स्वतःचेच शब्द पुन्हा ऐकू येतात. बाहेर येणाऱ्या प्रत्येक ओळीच्या शेवटी तो एक जादा चिन्ह जोडतो. कंट्रोल-सीचा बाइट आला की तो प्रोग्रॅमला थांबण्याचा संकेत देतो. दूरच्या संगणकात शिरण्यासाठीचे एसएसएचसारखे प्रोग्रॅम पासवर्ड पाइपमधून घेत नाहीत, थेट टर्मिनल उघडून मागतात. म्हणून तिथे पाइप निरुपयोगी ठरतो आणि आभासी टर्मिनल चालते.

अशा संवादांचे स्वयंचलन लोकप्रिय केले ते डॉन लाइब्स यांच्या ‘एक्स्पेक्ट’ने. १९९०च्या सुमारास टीसीएल या स्क्रिप्ट-भाषेवर ते उभे राहिले. पद्धत सोपी : अमुक मजकूर दिसेपर्यंत थांबा, दिसला की तमुक लिहा. पायथॉनमधले ‘पीएक्स्पेक्ट’ त्याच वाटेने जाते. खुद्द पायथॉनसोबत ‘पीटीवाय’ हे आभासी टर्मिनलचे मॉड्यूल येते, रुबीसोबतही त्याच नावाचे.

युनिक्सच्या घराण्यातही सगळे सारखे नाही. जुन्या बीएसडी पद्धतीत टर्मिनलांच्या ठरावीक जोड्या आधीच मांडलेल्या असत आणि प्रोग्रॅमला त्यांतली रिकामी जोडी शोधावी लागे. युनिक्स ९८ पद्धतीत एकच सामाईक फाइल उघडली की नवी जोडी तयार होऊन मिळते. लिनक्स आज हीच पद्धत वापरते. चालवलेला प्रोग्रॅम संपला की लिनक्सवर मुख्य टोक वाचताना त्रुटी येते, तर मॅकओएसवर मजकूर संपल्याची साधी खूण मिळते. दोन्ही प्रसंग न हाताळणारी स्क्रिप्ट एका ठिकाणी नीट चालते आणि दुसऱ्या ठिकाणी शेवटच्या क्षणी कोसळते. पडद्याचा आकारही स्क्रिप्टनेच कळवायचा असतो, नाहीतर संपादकासारख्या प्रोग्रॅमची मांडणी विस्कटते.

विंडोजची गोष्ट वेगळी. तिथल्या कन्सोलची घडण मुळातच निराळी असल्याने पायथॉन आणि रुबीची ही मॉड्यूल तिथे चालत नाहीत. नेरळ स्थानकात १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजवरून उतरून माथेरानला जाणाऱ्याला ६१० मिलिमीटरच्या रुळांवरची दुसरी गाडी धरावी लागते. प्रवासी तोच, पण डबा पुढे जात नाही. स्क्रिप्टचेही तसेच होते : संवाद तोच, पण खालचा थर बदलावा लागतो. विंडोज १०च्या ऑक्टोबर २०१८च्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने ‘कॉनपीटीवाय’ ही स्वतःची आभासी टर्मिनल-सोय आणली. पायथॉनमध्ये ‘पायविनपीटीवाय’ आणि जावास्क्रिप्टमध्ये ‘नोड-पीटीवाय’ तिचा वापर करतात. सगळीकडे चालायची स्क्रिप्ट लिहिताना संवादाचा भाग एकत्र ठेवावा आणि टर्मिनल उघडण्या-मिटण्याचा भाग प्रत्येक सिस्टीमसाठी वेगळा लिहावा.

मराठी मजकूर असेल तर आणखी एक पेच पडतो. ‘नेरळ’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो. युनिकोडमध्ये मात्र मात्रा वेगळी धरून त्याची चिन्हे चार होतात आणि यूटीएफ-८मध्ये बाइट बारा. टर्मिनलमधून मजकूर तुकड्यातुकड्याने येतो आणि एखादा तुकडा चिन्हाच्या मधोमध तुटू शकतो. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे उलगडला तर अक्षरांच्या जागी कचरा दिसतो किंवा त्रुटी येते. म्हणून अर्धे बाइट पुढच्या तुकड्यापर्यंत राखून ठेवणारा उलगडक वापरावा. पायथॉनमध्ये तो तयार मिळतो. मात्रेला स्वतःचा रकाना नसतो, पण लिनक्स कर्नलचा नियमसंच बॅकस्पेस दाबल्यावर एक चिन्ह खोडून पडद्यावर एक रकाना मागे सरकतो. त्यामुळे खोडली जाते मात्रा, पडद्यावरून मात्र पूर्ण अक्षर जाते. स्क्रिप्टने पडद्यावरचे रकाने मोजून मराठी मजकुराचे अंदाज बांधू नयेत, ते याचसाठी.

आभासी टर्मिनल हे शेवटचे साधन मानावे. प्रोग्रॅमला प्रश्न न विचारता चालण्याचा पर्याय असेल, किंवा यंत्राला वाचता येईल असे उत्तर तो देत असेल, तर साधा पाइपच बरा. पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवण्यापेक्षा एसएसएचची किल्ली वापरावी. माणसाखेरीज कोणाशीच न बोलणारा प्रोग्रॅम चालवायचा असेल, तेव्हाच स्क्रिप्टला कीबोर्डपुढे बसवावे.