दोन कंपन्यांमधला उंबरठा

१९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. परंतु जळगाव आणि धुळे यांच्यातील व्यापार आणि सोयरीक काही तुटली नाही. दूरध्वनी सरकारी खात्याकडे होता, तेव्हा या दोन शहरांतील संभाषणासाठी ट्रंक कॉल नोंदवून ताटकळावे लागे. मात्र दोन्ही टोकांचा मालक एकच होता. आज ताटकळणे संपले आहे, पण मालक अनेक झाले आहेत.

धुळ्याच्या ग्राहकाने जळगावचा क्रमांक फिरवला की त्याची कंपनी प्रथम तो क्रमांक कोणाचा, याचा शोध घेते. २० जानेवारी २०११ पासून देशभर क्रमांक न बदलता कंपनी बदलता येऊ लागली. त्यामुळे आरंभीच्या आकड्यांवरून कंपनी ओळखता येत नाही. स्थलांतरित क्रमांकांची नोंद पाहावी लागते. मग आंतरजोडणीच्या ठिकाणी कॉल दुसऱ्या कंपनीच्या स्वाधीन होतो आणि ती कंपनी ग्राहक कोणत्या मनोऱ्याच्या टप्प्यात आहे हे पाहून घंटी वाजवते. लघुसंदेशालाही हाच उंबरठा ओलांडावा लागतो.

हा उंबरठा किती रुंद ठेवायचा, हा खरा वादाचा विषय आहे. २०१६ साली जिओने सेवा सुरू केली, तेव्हा इतर कंपन्यांकडे जाणारे तिचे असंख्य कॉल अडले. हजारात पाचांहून अधिक कॉल या ठिकाणी अडू नयेत, असा नियामक प्राधिकरणाचा दंडक होता. एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांना एकूण ३,०५० कोटी रुपये दंड करावा, अशी शिफारस प्राधिकरणाने त्याच ऑक्टोबरात केली. फुकट कॉलांचा लोंढा आम्ही का सोसावा, हा या कंपन्यांचा प्रश्नही अगदीच गैरलागू नव्हता. येणारा कॉल पोहोचविण्याचा मोबदला २०१७ मध्ये मिनिटाला १४ पैशांवरून ६ पैशांवर आला आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य झाला.

पैशाचा हिशेब मिटला, तरी प्रश्न मिटत नाही. कॉल लागला नाही, तर ‘सर्व लाइन्स व्यस्त आहेत’ एवढेच ग्राहकाला ऐकू येते; दार कोणी लावले हे त्याला कळत नाही. स्पर्धेचे गुणगान करताना हे विसरता कामा नये. कंपन्यांनी ग्राहकांसाठी खुशाल भांडावे. परंतु त्यांच्यामधला रस्ता सार्वजनिक आहे आणि तो मोकळा ठेवण्याची जबाबदारी नियामकाची आहे.