जत्रेतलं थिएटर
(लेखमाला : पुणे जिल्ह्याची जुनी चित्रपटगृहं)

मागच्या आठवड्यात आपण मंडईजवळच्या 'आर्यन'पाशी थांबलो होतो. गंगाधरपंत पाठकांनी 1915 मध्ये सुरू केलेलं हे पुण्यातलं पहिलं चित्रपटगृह. 'आर्यन', 'प्रभात', 'मिनर्व्हा' यांच्यावर पुष्कळ लिहून झालंय. पण शहराबाहेर पडून शिरूर-खेडच्या वाटेला लागलं, पाबळला मस्तानीच्या समाधीपाशी पोहोचलं, की या इतिहासाची दुसरी बाजू दिसते. मस्तानीवर 1925 मध्येच मूकपट निघाला होता. तिच्या पाबळच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांना मात्र सिनेमा भेटायचा तो जत्रेत, तंबूत.

दिवाळी उलटली की टुरिंग टॉकीजचे ट्रक निघत आणि पावसाच्या तोंडावर परतत. ट्रकमध्येच मशीन, जनरेटर, कनात, बांबू आणि फिल्मच्या पत्र्याच्या पेट्या. गावात आल्यावर आधी लाउडस्पीकरवरून पुकारा. एका अंगाला तमाशाचा फड, दुसऱ्या अंगाला सिनेमाचा तंबू. आत बसायला जमीन. अंधार पडल्याशिवाय खेळ लागत नसे, कारण कापडातून उजेड आत येई. परवान्यातून मात्र सुटका नव्हती. 1953 चा सिनेमा नियमन कायदा फिरत्या तंबूलाही लागू होता.

खरी कसोटी ऑपरेटरची. जुन्या मशीनमध्ये दिवा नसे, कार्बनच्या दोन कांड्या असत. त्यांच्यामधल्या फटीत विजेची प्रखर ज्योत पेटे. कांड्या जळून आखूड होत, म्हणून त्या सतत पुढे सरकवाव्या लागत. हात चुकला की पडदा काळवंडे आणि तंबूभर शिट्ट्या! हजार फुटांचं रीळ जेमतेम अकरा मिनिटं चाले. जिथे मशीन एकच, तिथे रीळ बदलेपर्यंत सगळे खोळंबलेले. भर उन्हातून आलेली, शेकडो वेळा चाललेली प्रिंट मध्येच तुटे. मग ऑपरेटर तिथल्या तिथे तुकडे चिकटवून खेळ पुढे नेई. त्या माणसांचं कसब कुठल्याही स्टुडिओतल्या तंत्रज्ञापेक्षा कमी नव्हतं, असं माझं ठाम मत आहे.

दादा कोंडक्यांच्या चित्रपटांनी हे तंबू भरले. 1991 च्या 'माहेरची साडी'ला तर बायका लेकरं घेऊन, भाकरी बांधून आल्या. पुढे घरोघरी टीव्ही आला, सीडी आली. 2013 मध्ये 'फुजी'नं सिनेमाची फिल्म बनवणंच थांबवलं. तंबूवाल्यांपैकी काहींनी डिजिटल मशीन घेतलं, बाकीच्यांची जुनी मशीनं भंगारात वजनावर गेली. या शेवटच्या दिवसांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट 2016 मध्ये कानच्या महोत्सवात गौरवला गेला.

शहरातल्या थिएटरची निदान इमारत तरी उरते, फोटो तरी सापडतात. तंबू उठला की मागे फक्त खुंट्यांची भोकं. म्हणून विनंती : शिरूर, खेड, आंबेगावात कुणाच्या माळ्यावर तंबू सिनेमाचं पोस्टर, तिकिटांचं पुस्तक किंवा परवान्याचा कागद असेल, तर रद्दीत घालू नका. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तिथे आधी विचारा.