पट्ट्या न सोडता पाहिलेली ममी

आमच्या डोंबिवलीच्या वाचनालयाची सहल मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेली, ती ब्रिटिश म्युझियमकडून आलेले ममीचे प्रदर्शन (२०१२-१३) पाहावयास; त्यासंबंधी सभासदांची विचारणा अद्यापि चालू असल्याने हा मजकूर.

ती ममी कर्नाक येथील खोन्सू देवाचा पुरोहित नेसपेरेन्नुब याची. काळ सुमारे इ. स. पू. ८००. वेष्टनास धक्काही न लावता संशोधकांनी सीटी स्कॅनच्या साहाय्याने तिचा अंतर्भाग निरखिला, तेव्हा मस्तकास चिकटलेले मातीचे एक ओबडधोबड भांडे दृष्टीस पडले.

ओघळणारी राळ धरण्यासाठी ठेविलेले ते पात्र, राळ घट्ट झाल्यावर निघेना, म्हणून कारागिरांनी ते तसेच गुंडाळून टाकिले असावे, असा तज्ज्ञांचा कयास. आणि मला तर हा बेमालूम दडविलेला हलगर्जीपणा सुवर्णाच्या मुखवट्यांहूनही अधिक लोभस वाटतो!