नकाशावरचे अंतर आणि घड्याळातला वेळ

रायपूर मुंबईहून किती दूर आहे, ह्या प्रश्नाला एकच एक उत्तर देता येत नाही. लोहमार्गाने मोजल्यास हे अंतर सुमारे ११४० किलोमीटर भरते. पृथ्वीच्या गोल पाठीवर दोन्ही विमानतळांना जोडणारी सर्वांत आखूड रेषा ओढली, तर ते ९५५ किलोमीटरांच्या आसपास येते. ही रेषा नागपूरच्या थोड्या दक्षिणेकडून जाते.

जेट विमान उंचावर ताशी आठशे किलोमीटरांच्या वेगाने जाते. तेव्हा त्रैराशिक मांडणाऱ्यास वाटावे, की हा प्रवास सव्वा तासात आटोपेल. वेळापत्रकात मात्र पावणेदोन तासांच्या आसपासचा आकडा असतो. मधला अर्धा तास जातो कोठे? विमान जागेवरून हलते तेव्हा वेळापत्रकाचे घड्याळ सुरू होते, आणि उतरून पुन्हा जागेवर उभे राहते तेव्हा थांबते. धावपट्टीपर्यंतची संथ वाटचाल, चढण आणि उतरण, सारे त्यातच धरलेले असते. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि विमानांना आकाशात तिष्ठावे लागते. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे जोरदार वारे वाहतात. ते रायपूरकडे येणाऱ्या विमानास पुढे ढकलतात, मुंबईकडे निघालेल्यास अडवतात.

नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून छत्तीसगडात मराठी माणसांचा राबता आहे. अशा एखाद्या घरी वडील आजारी पडले आणि मुलगी डोंबिवलीस असली, तर तिला ह्या पावणेदोन तासांचा हिशेब पुरत नाही. डोंबिवलीहून विमानतळ गाठणे, उड्डाणापूर्वीचा तास-दीड तास, मग शहराबाहेरच्या मानाहून घर. असे सहा तास सहज होतात. तरीही आगगाडीला सोळा-सतरा तासांहून अधिक लागत असल्याने विमानाचे तिकीट सार्थकी लागते.

तीच मुलगी नागपूरला असती तर? हवाई अंतर अवघे २८० किलोमीटर; पण अंतर घटले म्हणून तपासणी, प्रतीक्षा आणि विमानतळाची वाट घटत नाहीत. विमानाने वाचवलेला वेळ जमिनीवरच खर्ची पडतो. डिसेंबर २०२२ पासून धावणारी वंदे भारत गाडी बिलासपूर ते नागपूर हे चारशेवर किलोमीटर साडेपाच तासांत तोडते, आणि रायपूर तिच्या वाटेवरच आहे. येथे शहाण्याने आगगाडीच धरावी.

माना येथील विमानतळाला २०१२ साली स्वामी विवेकानंदांचे नाव देण्यात आले. १८७७ साली बालवयात ते रायपुरास आले, तेव्हा नागपूरच्या पुढे लोहमार्ग नव्हता. ती वाट त्यांनी बैलगाडीतून, अरण्यातून, कित्येक दिवसांत ओलांडली होती.