बर्फात अडकलेला ट्रक आणि बंद केबिन

जानेवारी महिना आला की आपल्या बाजार समितीच्या आवारात लाल कांद्याचे ढीग लागतात आणि ट्रकांच्या रांगा उत्तरेकडे निघतात. धुळे, इंदूर, ग्वाल्हेर, दिल्ली, अंबाला, पठाणकोट, जम्मू असे करीत काही गाड्या थेट श्रीनगरपर्यंत जातात. सुमारे दोन हजार किलोमीटरचा हा प्रवास. आपल्याकडच्या गुलाबी थंडीत वाढलेला माणूस चार-पाच दिवसांत बर्फात जाऊन पोहोचतो. अंगात एक स्वेटर, पायात चप्पल किंवा साधे बूट आणि सोबत स्वयंपाकाचा छोटा सिलिंडर.

माझ्या दवाखान्यात येणाऱ्यांत अशी ड्रायव्हर मंडळी बरीच आहेत. त्यांच्यापैकी एकाची हकीकत आज सांगणार आहे. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे. ती लपवून हा लेख लिहिता आला असता, पण मग त्याचा उपयोग निम्मा झाला असता.

रात्रीचा एक फोन

हा गृहस्थ चाळिशीचा. त्याच्या लग्नाआधीपासून मी त्याला ओळखतो. दोन हिवाळ्यांपूर्वी रात्री अकराच्या सुमारास त्याचा फोन आला. "डॉक्टरसाहेब, डोकं फुटायची वेळ आली. मळमळतंय. पोरगाही दोनदा ओकला." पोरगा म्हणजे त्याचा क्लीनर, एकोणीस वर्षांचा. मी विचारले, काय खाल्ले? दुपारी ढाब्यावर राजमा-भात खाल्ला होता, दोघांनीही. ताप नाही, जुलाब नाहीत. तो पुढे असेही म्हणाला, "लघवीला खाली उतरलो तर जरा बरं वाटलं, पुन्हा वर आलो की तेच."

दोघांनी एकच अन्न खाल्ले, दोघांना उलट्या, म्हणजे खाण्यातली बाधा, असे मी ठरवून टाकले. पित्ताची गोळी आणि मीठ-साखरेचे पाणी घ्यायला सांगितले आणि वर म्हणालो, "गारठा असेल, काचा नीट लावून झोपा."

तो कुठे आहे, हे मी विचारले नाही.

तो होता बनिहालच्या वर. २०२१ पासून बनिहाल ते काझीगुंड हा साडेआठ किलोमीटरचा नवा बोगदा वाहतुकीस खुला आहे आणि मालगाड्या त्यातूनच जातात. पण रात्रीची वेळ, बर्फाची भुरभुर, सलग जागरण आणि मोबाईलवरचा नकाशा यांमुळे त्याचा फाटा चुकला. गाडी जुन्या जवाहर बोगद्याकडे जाणाऱ्या चढाला लागली. हा बोगदा १९५६ सालचा, सुमारे २,२०० मीटर उंचीवर आहे. अर्ध्या चढावर चाके फिरू लागली आणि गाडी बर्फात रुतली. दोघांनी काचा लावल्या, फटींत फडकी कोंबली, इंजिन चालू ठेवले आणि केबिनमध्ये गॅसची शेगडी पेटवून हात शेकत बसले.

पहाटे गस्तीवरच्या जवानांनी काच ठोठावली तेव्हा आतून उत्तर आले नाही. त्यांनी काच फोडली. ड्रायव्हर गुंगीत होता, पोरगा बेशुद्ध. दोघांना बाहेर काढून प्राणवायू लावला म्हणून दोघेही आज आहेत. ड्रायव्हरच्या डाव्या पायाची दोन बोटे मात्र गेली. पोरगा तीन आठवड्यांनी घरी आला, तो विसरभोळा होऊन.

न दिसणारा, वास न येणारा वायू

डिझेल, गॅस, कोळसा, लाकूड, काहीही जळताना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन फुप्फुसातला प्राणवायू उचलून शरीरभर पोचवते. पण या वायूशी त्याची सोयरीक प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट. एकदा तो चिकटला की प्राणवायूला जागा उरत नाही. फुप्फुसे चालू, हृदय चालू, पण मेंदू उपाशी.

प्रथम डोके दुखते, मग मळमळ, चक्कर, हातापायांत अशक्तपणा आणि झोप. माणसाला वाटते, दमलो आहे, जरा पडावे. त्या झोपेतून पुष्कळजण उठत नाहीत. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात मोटारी अडकून वीसहून अधिक माणसे गाडीत बसल्या जागी दगावली. त्यांत थंडीइतकाच या वायूचाही हात असल्याचे सांगितले गेले.

बर्फात हा धोका दुप्पट असतो. बर्फ साचून सायलेन्सरचे तोंड बुजले की धूर बाहेर न पडता गाडीखाली कोंडतो आणि फटींतून केबिनमध्ये येतो.

तीन खुणा लक्षात ठेवा. एकाच जागेतल्या दोघा-तिघांचे डोके एकाच वेळी दुखू लागणे, बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटणे, आणि उलट्या असून ताप-जुलाब नसणे. या तिन्ही खुणा त्या रात्री मला फोनवर सांगितल्या गेल्या होत्या.

कोविडनंतर बऱ्याच जणांकडे बोटाला लावायचे प्राणवायू मोजणारे यंत्र आहे. त्यावर इथे विसंबू नका. ते यंत्र या वायूने भरलेल्या रक्तालाही प्राणवायूने भरलेले समजते आणि ९८ दाखवते.

उपाय एकच, रोग्याला ताबडतोब उघड्या हवेत आणणे आणि लवकरात लवकर प्राणवायू देणे. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर साधारण दीड तास. रोगी शुद्धीवर आला तरी पुढचे काही आठवडे त्याच्यावर लक्ष ठेवावे. विसरभोळेपणा, चिडचिड, चालताना तोल जाणे ही लक्षणे उशिराही उमटतात.

थंडी माणसाला वेडे करते

आपल्या शरीराचे आतले तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. ते ३५ च्या खाली गेले की दुखणे सुरू झाले असे समजावे. आधी जोराची हुडहुडी भरते. हुडहुडी चांगली, शरीर ऊब तयार करीत असते. मग जीभ जड होते, बोटांनी बटण लागत नाही, पाय अडखळतात. तापमान ३२ च्या आसपास आले की हुडहुडी थांबते. बघणाऱ्याला वाटते, याला आता बरे वाटले. प्रत्यक्षात शरीराने हात टेकलेले असतात. काहीजण या अवस्थेत गरम होतेय म्हणून अंगावरचे कपडे काढू लागतात.

अशा माणसाचे ओले कपडे काढून कोरडे घाला, डोके आणि मान झाका, घोंगड्यात गुंडाळा. छाती, काखा आणि पोटाला ऊब द्या. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळूनच ठेवा. शुद्धीवर असेल, गिळता येत असेल तर गरम गोड चहा द्या. हातपाय चोळू नका, त्याला चालवू नका. आणि दारू अजिबात नको. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगतात. तेवढ्यापुरती ऊब वाटते, पण आतली उष्णता भराभर बाहेर जाते.

बोटे, नाक, कान पांढरे पडून बधिर झाले तर तो हिमदंश. तिथे बर्फ चोळणे ही जुनी समजूत घातक आहे. शेकोटीवर धरणेही चूक, बधिर कातडी भाजल्याचे कळत नाही. कोमट पाण्यात, म्हणजे हाताच्या कोपराला सोसेल इतक्याच उबदार पाण्यात, अर्धा तास बुडवावे. पण पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर वाटेत ऊब देऊ नये, आधी सुरक्षित जागी पोहोचावे. गोठून सुटलेला भाग पुन्हा गोठला तर बोट वाचत नाही. माझ्या रोग्याच्या बाबतीत हेच झाले.

वाट का चुकते?

वाट चुकणे हे बेसावधपणाचे नव्हे, पुष्कळदा थकव्याचे लक्षण असते. सतरा-अठरा तास जागलेल्या माणसाचा मेंदू दारू प्यायलेल्या माणसासारखा मंद चालतो, हे प्रयोगांत दिसले आहे. डोळे उघडे असतात, पाटी दिसते, पण वाचली जात नाही. त्यात थंडी आणि काळोख. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात सर्वसाधारणपणे दिवसाला आठ तासांचे काम सांगितले होते. रस्त्यावर काय चालते हे मालक, ड्रायव्हर आणि मी, आपण तिघेही जाणतो.

मोबाईलच्या नकाशाला तुमच्या गाडीची उंची, वजन आणि चेनविना असलेली चाके ठाऊक नसतात. तो जवळची वाट दाखवतो. शोपियानहून पूंछकडे जाणारा मुघल रोड नकाशावर सोपा दिसतो, पण तो सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या खिंडीतून जातो आणि हिवाळ्यात बर्फाने बंद असतो.

लडाखकडे जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. झोजिला खिंड ३,५२८ मीटर उंचीवर आहे, लेह शहरही साडेतीन हजार मीटरवर. अडीच हजार मीटरच्या वर हवा विरळ होते. डोकेदुखी, मळमळ, झोप न येणे ही त्याची पहिली लक्षणे. बसल्या जागी दम लागला, खोकल्यातून फेस आला किंवा माणूस बरळू लागला, तर गोळ्या शोधत बसू नये, खाली उतरावे. ही लक्षणे आणि बंद केबिनमधल्या वायूची लक्षणे सुरुवातीला सारखीच असतात. म्हणून आधी दार उघडा, इंजिन आणि शेगडी बंद करा, मग विचार करा.

निघताना आणि अडकल्यावर

१. केबिनमध्ये गॅस, स्टोव्ह, शेगडी किंवा कांगडी पेटवू नका. स्वयंपाक खाली उतरून, उघड्यावर.

२. गाडी अडकली तर आधी सायलेन्सरभोवतीचा बर्फ फावड्याने काढा. इंजिन तासाला दहा मिनिटेच चालवा आणि तेवढा वेळ वाऱ्याच्या उलट बाजूची काच चार बोटे उघडी ठेवा.

३. बर्फ पडत असताना गाडी सोडून पायी निघू नका. गाडी शोधणाऱ्याला दिसते, माणूस दिसत नाही.

४. दोघांनी एकदम झोपू नये, पाळी लावावी. जागा असलेल्याने दुसऱ्याला अधूनमधून हाक मारावी.

५. लोकरीची टोपी, हातमोजे, दोन जोड कोरडे मोजे, घोंगडी, फावडे, विजेरी, गूळ-शेंगदाणे आणि पाणी सोबत असावे. घट्ट बूट घालू नयेत. नुसता बर्फ खाऊ नये, वितळवून गरम करून प्यावा.

६. मधुमेहाच्या रोग्याने इन्शुलिन आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावे. एकदा गोठलेले इन्शुलिन वितळले तरी निकामी. रक्तदाबाच्या गोळ्या चार दिवस जास्तीच्या घ्याव्यात.

७. बाहेरच्या राज्यातील प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालेल असे धरू नका, निघण्यापूर्वी चौकशी करा. संकटात ११२ हा क्रमांक लावा.

८. जम्मू-उधमपूरला थांबून पुढचा रस्ता सुरू आहे का, हे वाहतूक पोलिसांना विचारा. फाट्यावर शंका आली तर गाडी बाजूला घ्या आणि माणसाला विचारा.

मालकांनाही एक विनंती. घोंगडी, फावडे आणि दोन जोड लोकरीचे मोजे यांचा खर्च एका टायरच्या मानाने नगण्य आहे. आणि "माल कुठवर आला?" असे विचारण्याआधी "झोपलास का?" असे विचारावे.

घरच्यांसाठी

हा लेख ड्रायव्हरपेक्षा त्यांच्या बायकांनी, आईवडिलांनी वाचावा असे मला वाटते, कारण रात्रीचा फोन प्रथम त्यांना येतो. "डोकं दुखतंय" असे कानावर आले तर गोळी सांगू नका. चार प्रश्न विचारा. कुठे आहेस? काचा बंद आहेत का? आत काही जळतंय का? सोबतच्याला कसं वाटतंय? उत्तर पटले नाही तर लगेच खाली उतरायला सांगा.

तो पोरगा आता गावातच किराणा दुकानात काम करतो. पुष्कळ सुधारला आहे, पण हिशेब दोनदा करावा लागतो. तो अजूनही माझ्याकडे तपासायला येतो आणि "डॉक्टरसाहेबांनी त्या रात्री फोन उचलला" असे कौतुकाने सांगतो. मी फोनवर काय सांगितले होते, ते त्याला आठवत नाही. ड्रायव्हरला आठवते. तो कधी बोलला नाही. मीच एक दिवस त्याच्या घरी जाऊन चूक कबूल केली. तेव्हापासून माझ्या टेबलावर फोनशेजारी एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिच्यावर वरचेच चार प्रश्न लिहिले आहेत. आपणही ते आपल्या फोनजवळ लिहून ठेवावेत.