लॅबचं शिक्षण, नोकरी आणि नातेवाईक : आठवड्याच्या १६८ तासांचा हिशोब

बारावी सायन्सनंतर मेडिकलला नंबर लागला नाही की बरीच मुलंमुली लॅब टेक्निशियनच्या शिक्षणाकडे वळतात. डीएमएलटी, बीएमएलटी, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी ही नावं आता आपल्या मोहल्ल्यांतही ओळखीची झाली आहेत. घरच्यांनाही बरं वाटतं. खर्च डॉक्टरकीपेक्षा कमी, काम इज्जतीचं आणि मुलींनाही सोयीचं.

अडचण प्रवेशानंतर सुरू होते. घरात समज असा असतो की, ‘कोर्सच तर आहे. सकाळी ट्रेनिंग, दुपारी कुठेतरी नोकरी, संध्याकाळी घरचं काम आणि रविवारी लग्न. होऊन जाईल सगळं.’ पण सगळं होत नाही. शेवटी कात्री लागते ती मुलाच्या झोपेला. या कामात अपुऱ्या झोपेची किंमत त्या मुलापेक्षा एखाद्या अनोळखी पेशंटला जास्त मोजावी लागू शकते.

सकाळच्या दोन तासांत काय घडतं?

उपाशीपोटीच्या शुगरसाठी पेशंटला किमान ८ तास काही खायचं नसतं. त्यामुळे लॅबमध्ये खरी गर्दी सकाळी सात ते नऊ या वेळेत होते. शीर कशी शोधायची, घाबरलेल्या लहान मुलाचं रक्त कसं काढायचं हे पुस्तकातून येत नाही. ते याच वेळेत, सिनियरच्या शेजारी उभं राहून शिकायचं असतं. रात्री उशिरा झोपून साडेनऊला पोहोचणाऱ्याची हजेरी लागेल, पण शिकण्याची वेळ निघून गेलेली असते.

काढलेलं रक्तही थांबत नाही. साध्या ट्यूबमध्ये ते तसंच ठेवलं तर रक्तातल्या पेशी साखर वापरत राहतात आणि शुगर दर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी कमी होते. म्हणून शुगरसाठी राखाडी झाकणाची, फ्लोराइड असलेली ट्यूब वापरतात. ट्यूब भरण्याचाही क्रम ठरलेला आहे : निळी, मग लाल किंवा पिवळी, मग हिरवी, मग जांभळी आणि शेवटी राखाडी. जांभळ्या ट्यूबमधलं औषध चुकून दुसऱ्या ट्यूबमध्ये गेलं तर पोटॅशियम खोटं वाढलेलं आणि कॅल्शियम खोटं कमी झालेलं दिसतं. मशीन बरोबर, रिपोर्ट चूक. डॉक्टर मात्र त्या रिपोर्टवरच औषध देणार.

सगळ्यात मोठा धोका लेबलचा. आपल्या वस्तीतल्या लॅबमध्ये एका सकाळी दोन शबाना शेख किंवा तीन मोहम्मद खान येणं नवं नाही. म्हणून नियम असा की पेशंटलाच नाव सांगायला लावायचं, नावाबरोबर वय किंवा नोंदणी क्रमांक जुळवायचा आणि पेशंटसमोरच ट्यूबवर लेबल लावायचं. रक्त चढवण्यासाठी घेतलेल्या सॅम्पलमध्ये ही अदलाबदल झाली तर जीव जाऊ शकतो. लॅबमधल्या बहुतेक चुका मशीनमध्ये होत नाहीत. सॅम्पल मशीनपर्यंत पोहोचण्याआधीच त्या होऊन गेलेल्या असतात.

आता यात झोप नसलेला विद्यार्थी उभा करा. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की सलग १७ तास जागलेल्या माणसाच्या हाताचं आणि लक्षाचं काम दारू प्यायलेल्या माणसासारखं ढासळतं. आपल्या घरात दारूला थारा नाही, पण जागरणाला आपण कौतुकाने ‘मेहनत’ म्हणतो.

कागदावर हिशोब मांडा

देशात २०२१ मध्ये अलाइड आणि हेल्थकेअर व्यवसायांसाठी कायदा झाला. त्यात डिप्लोमा पातळीच्या शिक्षणासाठी किमान २००० तास आणि पदवीच्या पातळीसाठी किमान ३६०० तास धरले आहेत. म्हणजे हे शिक्षण तासांत मोजलं जातं. आपणही तासांतच मोजू या.

आठवड्याचे तास १६८.

- झोप रोज ७ तास : ४९
- ट्रेनिंग आणि वर्ग, सहा दिवस ६ तास : ३६
- नोकरी, सहा दिवस ४ तास : २४
- बस-लोकलचा प्रवास, सहा दिवस २ तास : १२
- अभ्यास, सहा दिवस २ तास : १२
- जेवण, आंघोळ, नमाज, घरकाम, रोज ३ तास : २१

बेरीज १५४. उरले १४. दोस्त, नातेवाईक, मोबाइल, आजारपण, सगळं या १४ तासांत बसवायचं आहे.

आता नोकरी चारऐवजी आठ तासांची करा. २४ तास वाढले, म्हणजे शिल्लक १४ तर संपलेच, वर १० तास कमी पडले. ते झोपेतून जातात, रोज जवळपास दीड तास. म्हणून माझं सांगणं असं की शिकत असताना नोकरी चार तासांच्या वर नेऊ नका. परीक्षेच्या महिन्यात तीही कमी करा. घरची तंगी असेल तर मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्ज योजनेची जिल्हा कार्यालयात चौकशी करा. कर्जाचा बोजा असतोच, पण दोन वर्षं झोप मोडून निम्मंअर्धं शिकण्यापेक्षा तो हलका आहे.

नोकरी कुठली धरावी?

जमल्यास याच क्षेत्रातली : कलेक्शन सेंटर, लॅबचं नोंदणी काउंटर, रक्तपेढीतलं मदतीचं काम. कमाईबरोबर शिकणंही होतं. मात्र मर्यादा ओळखा. काही ठिकाणी शिकाऊ पोराला रात्री एकट्याला बसवतात, अगदी रिपोर्टवर सही करायलाही सांगतात. रिपोर्टवर पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरची सही लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे. असं काम सांगितलं तर नम्रपणे नाही म्हणा.

रक्ताला हात लावण्याआधी हेपेटायटिस बी ची लस सुरू करा. पहिला डोस, एक महिन्याने दुसरा आणि सहाव्या महिन्यात तिसरा. वापरलेल्या सुईला परत टोपण लावायचं नाही. सुई टोचलीच तर साबण-पाण्याने धुवा, दाबून पिळू नका आणि लगेच वरिष्ठांना सांगा. एचआयव्हीपासून बचावाची औषधं जितकी लवकर सुरू होतील तितकं चांगलं, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग उरत नाही. ओरडा बसेल म्हणून लपवाल तर वेळ हातातून जाईल. घरीही सांगा. अम्मी घाबरेल, पण कळलेलं बरं.

दावत, रमजान आणि ईद

नातेवाईक तोडायचे नाहीत, निवड करायची. निकाह, जनाजा, आजाऱ्याची विचारपूस यांना जा. पण एका लग्नाच्या हळदी, मेहंदी, निकाह, वलीमा अशा चारही कार्यक्रमांना रात्री एकपर्यंत थांबायची गरज नाही. निकाहला जा, जेवा, मुबारकबाद द्या आणि दहाला निघा. इथे काम अम्मी-अब्बूंचं आहे. ‘आमचा मुलगा मोठा झाला, आता येत नाही’ असं खाला किंवा फुफू म्हणाल्या तर उत्तर मुलाने देऊ नये, घरच्या मोठ्यांनी द्यावं : ‘उद्या सकाळी सातला त्याची ड्युटी आहे.’

मुलींबाबत एक गोष्ट स्पष्टच सांगतो. वरच्या हिशोबात घरकाम रोजच्या तीन तासांतच धरलं आहे. भाऊ शिकतो तेव्हा त्याला गरम चहा मिळतो आणि बहीण शिकते तेव्हा ड्युटीवरून येऊन तिने रोट्या लाटायच्या, हे असेल तर तिचे १४ तास कागदावरच राहतात. भाकरी-भांड्यांची वाटणी घरात बसून नव्याने करा.

रमजानमध्ये सेहरीमुळे झोपेचे दोन तुकडे होतात. महिना सुरू होण्याच्या दोन आठवडे आधीच इन्चार्जशी बोला आणि शक्यतो सकाळची पाळी मागा, म्हणजे इफ्तारपूर्वी घरी पोहोचता येईल. जोहरनंतर अर्धा तास डोळा लागला तरी फरक पडतो. ईदच्या सुट्टीसाठी जुना आणि चांगला मार्ग आहे : दिवाळीत सहकाऱ्याची ड्युटी तुम्ही घ्या, ईदला तो तुमची घेईल. अनेक दवाखान्यांत हे वर्षानुवर्षं चालत आलंय आणि त्यातून होणारी दोस्ती पुढे नोकरीतही कामी येते.

पालकांनी काय बघावं?

मूल सारखं चिडतंय, जेवताना पेंगतंय, ‘आज लॅबमध्ये बोलणं खाल्लं’ असं वारंवार सांगतंय, तर आधी त्याचे तास मोजा, मग रागवा. प्रवेश घेतानाच तीन प्रश्न विचारा. कोर्सला मान्यता कुणाची? ट्रेनिंग कुठल्या हॉस्पिटलमध्ये आणि किती वाजता? पुढे नोंदणी कुठे होणार? मग घरातल्या सगळ्यांनी बसून वरच्यासारखा कागद तयार करावा आणि तो स्वयंपाकघराच्या दारावर लावावा. पाहुण्यांचा फोन आला की हो म्हणण्याआधी त्या कागदाकडे बघायचं.