अग्निशमन केंद्राशेजारी घर घ्यावे का?

भोंग्याने झोप मोडेल की संकटात मदत लवकर मिळेल? बयाणा देण्यापूर्वी दोन्ही बाजू नीट तपासून पाहा.

घर पसंत पडते. किंमत आवाक्यातली, मुलांची शाळाही जवळ. पण गॅलरीतून समोर लाल बंब उभे दिसतात आणि पत्नीच्या मनात शंका येते, ‘रात्री-अपरात्री भोंगा वाजू लागला तर? सासूबाईंना रक्तदाब, मुलीचे दहावीचे वर्ष!’ पतिराज म्हणतात, ‘अगं, उलट चांगलंच आहे. आग लागलीच तर बंब दारातच!’ दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच निर्णय घाईने घेऊ नये.

गुढियारीतील आग

छत्तीसगडची राजधानी रायपूर मराठी माणसाला परकी नाही. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून तेथे आपले येणेजाणे आहे. याच शहरात गुढियारी ही दाट वस्ती आहे. ५ एप्रिल २०२४ रोजी दुपारी तेथील भारतमाता चौकाजवळच्या वीज वितरण कंपनीच्या भांडाराला आग लागली. आत मोठ्या संख्येने ट्रान्स्फॉर्मर ठेवलेले होते. ट्रान्स्फॉर्मर थंड राहावा म्हणून त्यात खनिज तेल भरलेले असते. ते पेटले, स्फोट होऊ लागले, काळ्या धुराचे लोट दूरवरून दिसू लागले. आसपासची घरे रिकामी करावी लागली.

तेलाच्या आगीवर नुसते पाणी मारून भागत नाही. तेल पाण्यावर तरंगते आणि पाण्याबरोबर आगही पसरते. त्यासाठी फेसाचा मारा करावा लागतो. त्यामुळे बंब पोहोचले तरी अशी आग आटोक्यात यायला तासन् तास लागतात.

घर घेणाऱ्याने यातून एक गोष्ट लक्षात ठेवावी. अग्निशमन केंद्र जवळ असणे चांगले, पण शेजारच्या भिंतीपलीकडे काय साठवले आहे, हे त्याहून महत्त्वाचे आहे. भोंगा ऐकू येतो म्हणून आपण त्याचा विचार करतो. गोदाम मात्र गप्प असते, म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नाही.

आवाजाचा त्रास किती?

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. रात्री निवासी भागात हॉर्न वाजवण्यासही मनाई आहे, पण आणीबाणीचा प्रसंग त्याला अपवाद आहे. म्हणजे घर घेतल्यावर भोंग्याविरुद्ध तक्रार करून उपयोग नाही. सोसेल की नाही, हे आधीच ठरवावे लागेल.

भोंग्याखेरीज सकाळची कवायत, यंत्रांची चाचणी, अवजड गाड्यांची ये-जा हेही असते. बंब केवळ आगीसाठीच बाहेर पडतात असे नाही. झाड कोसळले, अपघात झाला, विहिरीत कोणी पडले, तरी त्यांनाच बोलावणे जाते. दिवाळीत आणि उन्हाळ्यात धावपळ वाढते. तान्हे मूल, आजारी माणूस किंवा रात्रपाळी करून दिवसा झोपणारे कोणी घरात असेल, तर केंद्राच्या दाराकडे तोंड असलेल्या खोल्या टाळाव्यात. इमारतीच्या मागच्या बाजूचे घर मिळाले तर आवाज बराच कमी होतो.

चौकशीसाठी सर्वांत चांगली माणसे म्हणजे जवानांची कुटुंबे. शहररचनेच्या निकषांत सुमारे दोन लाख लोकसंख्येमागे एक अग्निशमन केंद्र धरले जाते आणि त्याच्या जागेत जवानांच्या निवासाचीही सोय गृहीत धरलेली असते. तेथील गृहिणी तुम्हाला एजंटापेक्षा खरी माहिती देतील.

अंतर मिनिटांत मोजा

नकाशावर केंद्र अर्ध्या किलोमीटरवर दिसते, पण मध्ये रेल्वेचे फाटक असेल, पावसाळ्यात पाण्याने भरणारा भुयारी रस्ता असेल किंवा संध्याकाळी रस्त्यावर बाजार भरत असेल, तर त्या जवळिकीचा उपयोग काय? बंब साधारण अडीच मीटर रुंद असतो. गल्लीत दोन्ही बाजूंना मोटारी उभ्या असल्या की तो तोंडाशीच अडकतो. अग्निशमन केंद्रापासून तीन किलोमीटरवरचे पण रुंद रस्त्यावरचे घर अनेकदा अधिक सुरक्षित ठरते.

अमेरिकेत घराच्या विम्याचा हप्ता ठरवताना बऱ्याच ठिकाणी हे अंतर पाहिले जाते. अग्निशमन केंद्रापासून रस्त्याने पाच मैलांपेक्षा दूर असलेल्या घराला जास्त हप्ता पडू शकतो. आपल्याकडे १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही घरासाठीची प्रमाणित विमा योजना आहे. केंद्र शेजारी असो वा दूर, असा विमा जरूर घ्यावा.

मुंबईचा धडा

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. एकाच जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि स्फोटकेही. अग्निशमन दलाचे जवान आग विझवत असतानाच स्फोट झाले आणि दलाच्या ६६ जणांनी प्राण गमावले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. मदत अगदी जवळ होती, पण साठवण इतकी धोक्याची होती की मदतीला आलेलेच बळी पडले.

बयाणा देण्यापूर्वी

० घर तीन वेळा पाहा: कामाच्या दिवशी सकाळी, रात्री दहानंतर आणि रविवारी.

० केंद्रात जाऊन रोज साधारण किती वेळा गाड्या निघतात ते विचारा.

० घराभोवती फेरी मारा. तेल, रसायने, भंगार, फटाके, गॅस सिलिंडर यांचे गोदाम आहे का, ते पाहा.

० केंद्रापासून घरापर्यंतचा रस्ता गर्दीच्या वेळी स्वतः पार करून मिनिटे मोजा.

० इमारत उंच असेल, तर अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला मागा.

गोदाम दूर, रस्ता मोकळा आणि अधूनमधून वाजणारा भोंगा घरच्यांना सोसण्यासारखा असेल, तर असे घर खुशाल घ्या. मात्र बंब समोर आहे म्हणून गाफील राहू नका. स्वयंपाकघराजवळ आयएसआय चिन्हाचे अग्निशामक ठेवा, रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद करा आणि १०१ व ११२ हे क्रमांक मुलांकडून पाठ करून घ्या. पहिली दोन मिनिटे घरच्यांनाच निभवावी लागतात.